पस्तीस नमाजा

"एकही झाली नाही, आपा. पस्तीसच्या पस्तीस गेल्या!"

"गेल्या म्हणजे कुठं गेल्या?"

"थट्टा नको. युसुफ सारंगाला विचारून आलोय मी. वीस वर्षं जहाजावर काढलीत त्यानं. तो म्हणतो, किरेनियाचा दर्या उत्तरेला आणि मक्का राहिली दक्षिणेकडे. सात दिवस तू काबाकडे पाठ करून नमाज पढलीस!"

"मला काय ठाऊक, जहूर? खिडकीसमोर दर्या दिसला. दर्याकडे तोंड केलं."

"दर्या म्हणजे किबला नव्हे!"

"मला तर जन्मभर तोच होता."

थोरल्या बहिणीचं, शहरबानूचं, हे म्हणणं खरं होतं. हर्णैला घराच्या ओटीवरून समुद्र पश्चिमेला, मक्काही पश्चिमेला. मुंबईत आयाचं काम करत होती तिथंही पश्चिमेला. इथं दुबईत, देऱ्याच्या या झावळ्यांच्या खोलीत आली की ती खाडीकडे तोंड करून मुसल्ला अंथरायची, आणि तेही बरोबरच असायचं. पाणी दिसलं की किबला, म्हणजे काबाची दिशा, सापडली, हा शहरबानूचा बेचाळीस वर्षांचा हिशेब. तो चुकला सायप्रसच्या बेटावर, किरेनियाला, बासष्ट सालच्या एप्रिलमध्ये.

"अहो, जेवू तरी द्या त्यांना," बिलकीस भाताचं पातेलं उतरवत म्हणाली. "शुक्रवारचा एक दिवस येतात भावाकडे. चार वाजता पुन्हा साहेबाच्या बंगल्यावर हजर व्हायचंय त्यांना."

"जेवण कुठं पळतंय? गावात मशीद नव्हती, आपा?"

"होती. दुपारी जोहराची बांग रोज ऐकू यायची."

"मग जाऊन विचारायचंस!"

"बायांनी मशिदीत पाऊल टाकू नये, परक्या पुरुषाशी बोलू नये, हे या घरात कोण सांगतं रे?"

बिलकीसनं ओढणी तोंडाला लावली आणि ती चुलीकडे वळली.

"बरं, सूर्य? सूर्य मावळताना दिसत नव्हता?"

"दिसायचा की. डाव्या हाताला. मला वाटलं, इंग्रजांच्या ओळखीचा मुलूख, सूर्यही तिकडे त्यांच्या सोयीनं मावळत असेल."

जहूर हसला नाही. कापडाच्या दुकानात दिवसभर गज फिरवणारा हा माणूस, पण देऱ्यातल्या हर्णैकरांना नमाज, रोजा काही अडलं की ते याच्याकडे येत. लहानपणी दोन वर्षं त्याला मदरशात धाडलं होतं ते आपानंच. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि जहूर तिच्या कडेवर. मग लग्न झालं. नवरा आगबोटीवर खलाशी होता, तो तापानं वाटेतच गेला आणि पोटचा मुलगाही सव्वा वर्षाचा होऊन गेला. तेव्हापासून शहरबानू दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती.

बेटावर ती गेली ती साहेबाच्या बेबीला सांभाळायलाच. पण तिकडे विलायतेहून मॅडमची आई आली, मावशी आली, आणि बेबी या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली. मॅडम म्हणाली, "आया, यू टेक हॉलिडे. सात दिवस तुझे. बेट बघ." बंदरावरच्या एका म्हातारीकडे तिला खोली करून दिली आणि सगळे मोटारीनं डोंगरापलीकडे निघून गेले.

"बेट बघ म्हणे," शहरबानू आता ताटापुढे बसत म्हणाली. "मला बघायची सवय कुठं होती? पहिल्या दिवशी पहाटेची फजर पढून जी झोपले, ती जोहराच्या बांगेनंच उठले. दुसऱ्या दिवशी होते नव्हते तेवढे कपडे धुतले. तिसऱ्या दिवशी धुवायलाही काही उरलं नाही, म्हणून किल्ल्यात गेले. आपल्याकडचा किल्ला आपण किनाऱ्यावरून बघतो, तिथं आत जाऊन बघतात. जिने चढले आणि कळलं, गुडघे दुखतायत. किती वर्षं दुखत होते कोण जाणे."

"आणि काय बघितलंत, आपा?" बिलकीस तिच्यापुढे सरकली.

"बसनं डोंगरावर गेले. मोडकं देऊळ होतं ख्रिस्ती लोकांचं. नुसते खांब आणि कमानी, भोवती लिंबांच्या बागा. एका गोऱ्या जोडप्यानं खांबापाशी उभं करून माझाच फोटो काढला. म्हटलं, घ्या, मी बघायला आले आणि मीच बघायची वस्तू झाले! म्हातारीनं काळी करवंदं दिली ताटलीत, ऑलिव्ह की काय म्हणतात ती. तोंडात टाकते तर खारट ढाण! तिला भाषा कळेना, मला थुंकता येईना."

"गिळलंत?"

"बियांसकट."

दोघी हसल्या. जहूर भाताला हात न लावता बसून होता.

"भाबीला गोष्टी सांग सावकाश," तो म्हणाला. "आधी माझं ऐक. आपण शाफई पंथाचे. दिशा चुकली हे नक्की कळलं, की नमाज पुन्हा करावी लागते."

"मुसाफिर होत्या ना त्या?" बिलकीस म्हणाली. "मुसाफिराला सूट असते, तुम्हीच रमजानात सांगत होता."

"एका ठिकाणी आठवडाभर राहायचं ठरवून गेलेला मुसाफिर राहत नाही. पूर्ण पस्तीस."

"नसतील झाल्या," शहरबानू म्हणाली.

जहूर चपापला. त्याला वाटलं होतं, ती आणखी भांडेल.

"तू शिकलेला आहेस, तू म्हणतोस तर नसतीलच झाल्या. पण त्या चांगल्या झाल्या होत्या, जहूर. अगोदर कधी तशा झाल्याच नव्हत्या. सजद्यात कपाळ टेकलं की कोणी हाक मारायचं नाही. नमाज संपवून सलाम फिरवला तरी उठायचं नाही, हवं तितकं बसायचं. दुआला हात उचलायचे आणि मागायला काही सुचायचंच नाही. तसेच धरून बसायचे. हात दुखेपर्यंत."

बिलकीसनं तिच्या ताटात रस्सा वाढला. कोणी खाल्ला नाही.

"मग ठीक आहे ना," जहूरचा आवाज उतरला होता. "मी काय तुझा वैरी आहे? रोजच्या पाच नमाजा, त्या प्रत्येकीमागे एक जुनी कर. सात दिवसांचं काम. सात दिवसांत खलास."

"कुठल्या सात दिवसांत?"

"म्हणजे?"

"बेबी पाचला उठते. साहेबाचा चहा साडेपाचला. फजर मी दूध उतू जाईल म्हणून एक कान चुलीकडे ठेवून पढते. जोहरला ती झोपत नाही, मुसल्ल्यावर येऊन माझी ओढणी ओढते. मगरिबला तिची आंघोळ. रात्री इशाच्या वेळी मला रकात आठवत नाहीत, तीन झाल्या की चार."

"तरी चालतात. दिशा बरोबर असली, नियत असली, की बस."

"त्या धरल्या जातात?"

"धरल्या जातात."

"दुधाकडे कान लावून केलेल्या?"

"हो, आपा."

"आईच्या आजारपणात, तू कडेवर रडत असताना, मध्येच सोडून पुन्हा उरकलेल्या?"

"त्याही." जहूर खाली बघत होता.

"आणि या नाही."

"नियम मी केलेला नाही!" तो एकदम ओरडला, मग बिलकीसकडे बघून ओशाळला. "उद्या वर कोणी विचारलं, आपाच्या पस्तीस नमाजा तुला ठाऊक होत्या, तू तिला का सांगितलं नाहीस, तर मी काय सांगू? तू मला शिकायला धाडलंस. हेच शिकलो मी."

शहरबानूनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या ताटातला गार झालेला भात तिनं पातेल्यात परत टाकला, गरम वाढला, वर रस्सा ओतला आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. हात धुतले. खाडी ओलांडून पलीकडे नेणारी होडी साडेतीनला भरायची आणि माणसं झाली की निघायची.

"थांबा ना घटकाभर," बिलकीस म्हणाली. "काही खाल्लंच नाहीत."

शहरबानूनं ओढणी सारखी केली. झावळ्यांच्या दाराशी चपला होत्या, त्यांतली वाळू झटकायला ती वाकली आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूच उभी राहिली.

"आपा," जहूर ताटावरून उठला. त्याच्या उजव्या हाताला भात तसाच होता. "पुन्हा करशील ना? पस्तीसच्या पस्तीस? एवढं सांग आणि जा."

तिनं एक चप्पल घातली, मग दुसरी घातली आणि उन्हातून ती खाडीच्या बाजूला चालू लागली.