भिंतीवरची गोधडी
आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर पोरानं बसवून दिलेल्या मोठ्या टीव्हीवर कीर्तन पाहिलं. नव्या खोलीत गुळगुळीत फरशी अन् कोऱ्या भिंती, त्यामुळे आवाज असा घुमे की शब्द कळेना. बायकोनं जुन्या लुगड्यांची गोधडी भिंतीवर टांगली, तसा आवाज बसला. "आता आयका," ती म्हणाली. तेवढ्यात शेलूबाजारचे व्याही मुक्कामाला आले. मी त्यांच्यासमोरच खेकसलो, "काढ त्या चिंध्या! लोकं काय म्हणतीन?" "लोकायचं तेवढं बरं आयकू येते तुमाले," म्हणत तिनं गोधडी काढली. तिचं उतरलेलं तोंड आठवलं की आजही माझीच मले लाज वाटते. त्याच रात्री तीच गोधडी पांघरून ती झोपली अन् झोपेतच गेली. सकाळी त्या खोलीत बायांचं रडणं घुमून राह्यलं होतं. तिच्यासंगं मसणात न्यायचं अंथरूण भाऊबंद बांधत होते; त्यातून ती गोधडी ओढून मी व्याह्यांसमोर भिंतीवर ठोकली.