वाटे जादूगारिणीचे, निवड पहारेकऱ्याची

तुमच्या खेळात जादूगार मंत्र म्हणत असतो, तेव्हा बाकीचे काय करत असतात? खरं सांगा. आमच्याकडे शेंगा फोडत बसायचे.

खेळ साधा आहे. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि बेत साधला की फसला ते फासे ठरवतात. सोनईत आम्ही तिघं दर रविवारी दुपारी वडिलांच्या छापखान्यात, कागद कापायच्या टेबलावर खेळतो. गोष्ट रचणारी मी. जादूगारीण माझी मैत्रीण, ती शाळेत शिकवते. किल्ल्याच्या दरवाज्यावरचा पहारेकरी माझा चुलतभाऊ, तो कांद्याचं रान सोडून येतो. किल्ला मी खर्ड्याचा डोळ्यांसमोर ठेवून रचला होता. पात्रांची माहिती लिहायला उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू.

वडील छापायचे त्या मोर्चा-निषेधाच्या पत्रकांवरच मी वाढले. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला बाराखडीच्या आधी ओळखता यायचे. त्यामुळे एका रविवारी जादूगारिणीने एकाच मंत्रात शत्रूची सगळी फौज राख केली आणि भाऊ दोन तास भाला धरून नुसता बसून राहिला, तेव्हा माझं रक्त तापलं. जाताना त्याने टरफलं गोळा केली आणि शांतपणे म्हणाला, “ताई, पुढल्या रविवारी मी येत न्हाई. शेंगा घरी बी फोडता येत्यात.”

तिघांतला एक गेला की खेळ संपला. मी आठवडाभर नियम लिहिले. जादू दिवसातून तीनदाच. प्रत्येक मंत्राला माझी परवानगी. भावाला फोन करून सांगितलं, अन्याय संपला, ये. तो आला.

त्या दिवशी मैत्रिणीला एक भन्नाट गोष्ट सुचली. खंदकातल्या पाण्याचा आरसा करायचा, म्हणजे चालून येणाऱ्यांचे डोळे दिपतील. मी म्हटलं, नाही. मग तिला धुकं पाडायचं होतं. तेही नाही. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. पेन उचललं, एक जुनं पत्रक उलटं केलं आणि लिहीत बसली. लिहून झाल्यावर उभी राहून वाचलं:

“जाहीर निषेध! जादूगाराची मनमानी मोडण्याच्या नावाखाली गोष्ट सांगणारीने स्वतःची मनमानी सुरू केली आहे. आम्ही परवानगी मागण्यासाठी खेळत नाही. मागणी मान्य न झाल्यास आम्ही घरी जाऊन वह्या तपासू.”

भाऊ हसून हसून लाल झाला. म्हणाला, बाईंनी तुझ्याच काठीनं तुला हाणलं. माझे कान तापले होते, पण आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या, कारण पत्रक उत्तम होतं आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मी सत्ता मोडली नव्हती. टेबलाच्या त्या टोकावरून उचलून माझ्या टोकाला आणून ठेवली होती.

पण मग करायचं काय? जादू मोकळी सोडली तर भाऊ जाणार, बांधली तर मैत्रीण. दोघी वाद घालत राहिलो. भाऊ टेबलावरच्या कापलेल्या कागदांचे गठ्ठे सारखे करत होता. मध्येच म्हणाला, “आमच्या वाटण्या झाल्या तवा थोरल्यानं वाटे पाडले, अन्‌ पहिला मी उचलला. धाकटा ना मी. म्हनून थोरल्यानं वाटे नीट पाडले. तसं करा की.”

 आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो.

नियम तिथंच ठरला. जादूगारिणीने हवा तो मंत्र म्हणावा, कितीही मोठा. पण त्याची आपल्याच बाजूला झळ कशी बसेल याचे दोन वाटे तिनेच पाडायचे, आणि कोणता उचलायचा ते पहारेकऱ्याने ठरवायचं. मी मध्ये तोंड घालायचं नाही.

लगेच करून पाहिलं. तिला पुन्हा आरसाच हवा होता. तिने वाटे पाडले: एक तर सूर्य मावळेपर्यंत तिची वाचा जाईल, नाहीतर खंदकाचं पाणी आटेल आणि दरवाजा उघडा पडेल. भाऊ खुर्चीवरून उठलाच. दरवाजा त्याचा होता.

“आटू द्या पानी,” तो म्हणाला. “बाई बोलत्या राहू द्या. दरवाजा मी बघतो.”

आरसा झळकला, फौजेचे डोळे दिपले, पाणी आटलं, आणि ज्या माणसाला मी बिनकामाचं करून ठेवलं होतं तो कोरड्या खंदकात भाला रोवून एकटा उभा राहिला. फासे त्याने टाकले. आम्ही दोघी टेबलावर ओणवलो होतो. शेंगांची पुडी तशीच बांधलेली होती.

म्हणून माझं मागणं आहे. तुमच्या नियमांच्या वहीत ‘गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द अखेरचा’ असं कुठं लिहिलं असेल, तर येत्या खेळाआधी ती ओळ खोडा. जादू मोठीच राहू द्या. फक्त वाटे पडले की टेबलावर सगळ्यात कमी बोलणारं माणूस शोधा, आणि पहिला वाटा त्याला उचलू द्या.