वाढत्या अंगाचा ब्लाउज

दुधनीहून ती पहिल्यांदा माझ्या शिलाईच्या दुकानात आली तेव्हा पुरुषी शर्ट-पँटमध्ये होती, गालावर दाढीचे खुंट होते. तिशीची असेल. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर थांबली, मग आत येऊन हळूच म्हणाली, "ताई, ब्लाउज शिवायचाय. माप माझंच घ्या."

मी कुणाला फार विचारत बसत नाही. माप घेतलं.

पुढे वर्षभर ती अधूनमधून यायची. अंगाला मेथीचा वास असायचा. यानं छाती भरते असं मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मेथीचं पाणी प्यायची, शतावरीची पूड खायची. टेप छातीभोवती फिरवली की मान वाकवून आकडा स्वतः बघायची. आकडा काही हलला नाही. मग यायचीच बंद झाली.

बऱ्याच महिन्यांनी आली ती साधा पंजाबी ड्रेस घालून. मेथीचा वास गेला होता. "आता डॉक्टरच्या हार्मोनच्या गोळ्या चालू हायत," म्हणाली. "रक्त तपासूनच देत्यात."

टेप छातीला टेकली तशी ती कळवळली. बारा-तेरा वर्षांच्या पोरी माप देताना अशाच कळवळतात. मी हात सैल केला. या खेपेला आकडा हलला होता. तिनं तो वाकून दोनदा वाचला.

मग म्हणाली, "ताई, वाढतं अंग हाय. शिवणीत जरा माया सोडा की, पुढं उसवता येईल."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुठल्या पोरीच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते नेहमी बरोबर आलेली आई बोलते.