डेअरीच्या फळ्यावरचा निकाल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर मी आमच्या राहू गावच्या आप्पांचं नाव घेईन. अख्खा गाव त्यांना आप्पाच म्हणायचा.

"दम धर. शेवटचं मेंढरू आत येऊ दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना उजव्या हातात खडू आणि डावा हात रेडिओच्या बटणावर.

विधानसभेच्या मतमोजणीदिवशी दूध डेअरीचा फळा आप्पांच्या ताब्यात असे. दुधाचे भाव कोपऱ्यात सारून ते रेघा मारत: मतदारसंघ, निवडून आलेला, दुसरा. 'पडलेला' हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. "त्याला बी मानसांनीच मतं दिल्यात की!"

तरुणपणी ते मेंढरांमागं मुलूखभर फिरलेले, पुढं ऊस लावून गावात स्थिरावले. आपल्याला मतदारसंघ म्हणजे नुसतं नाव. आप्पांना तिथलं पाणी आठवायचं. कोकणातला निकाल लागला की म्हणायचे, "हितली लोकं मायाळू. शेतात मेंढरं बसवली की भाकरी आनून द्यायची." विदर्भातला लागला की, "तिकडं म्या गेलो न्हाई. ग्वाही देता यायची न्हाई."

"आप्पा, आघाडीवर कोण ते तरी लिवा," असं कुणी म्हटलं, तर उत्तर ठरलेलं. "घाई असंल तर घरी जा. म्हशीला वैरण टाक." सांजेला मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीत एकेक मेंढरू मोजून घेतलेला माणूस तो. निम्मी बाहेर असताना आकडा सांगणं त्यांना जमत नसे.

एकदाच जमलं. माझ्यामुळं.

तेव्हा मतपत्रिका होत्या. मी नुकताच बी.ए., बी.एड. झालो होतो, घरातला पहिलाच. आप्पांना त्याचं भारी कौतुक. आमच्या मतदारसंघाची मोजणी दौंडला होती. "तू शिकलेला हाईस. नीट बघून फोन कर," म्हणून त्यांनी मला धाडलं.

आमच्या गावात दोन गट, वरची आळी आणि खालची आळी. खालच्या आळीचा उमेदवार पुढं होता. शेवटची फेरी बाकी होती, पण त्याची माणसं बाहेर नाचायला लागली. मीही भारावलो. टेलिफोन बूथवरून डेअरीत फोन लावला.

"आप्पा, खालच्या आळीचा आला!"

"शेवटचं मेंढरू आलं का आत?"

"आलं, आप्पा!"

आप्पांनी फळ्यावर लिहिलं. त्यांचं अक्षर पाहून खालच्या आळीनं गुलाल उधळला, वरच्या आळीच्या पुढाऱ्याच्या दारात जाऊन हलगी बडवली. तासाभरात रेडिओनं उलटा निकाल सांगितला.

मी जीपनं पोचलो, तेव्हा वरच्या आळीची पोरं आप्पांना घेरून उभी होती.

"फोन कुनाचा व्हता, म्हाताऱ्या? नाव सांग!"

त्याच पुढाऱ्याच्या शिक्षणसंस्थेत चार दिवसांनी माझी मुलाखत होती. आप्पांनी गर्दीवरून एकदा माझ्याकडं पाहिलं.

"अक्षर कुनाचं हाय? माझंच ना? मंग झालं तर."

कुणीतरी त्यांचा पटका उडवला. तो उचलून द्यायलाही मी पुढं झालो नाही. फळा डेअरीच्या आत गेला. आप्पांच्या हाती पुन्हा खडू दिला गेला नाही.

मला नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो.

"लागलास का? ब्येस झालं. पोरास्नी शेवटपत्तर मोजाया शिकीव."

हा टोमणा होता की आशीर्वाद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीच बघा. दुसरा पेढा मात्र त्यांनी मागून घेतला होता.

पुढं ते घरीच वहीत निकाल लिहायचे. निकाल पक्का झाला की समोर बरोबरची खूण करायचे.

मतदान यंत्रं आली. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या शाळेवर होतो. मोजणीची ड्यूटी लागली. त्या टेबलाशी शेवटच्या फेरीची वाट बघत बसलो असताना कानात आप्पांचा फोनवरचा तो एकच प्रश्न घुमत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र टाकलं.

आप्पा गेल्यावर सूनबाईंनी वही माझ्या हाती दिली. "तुमाला द्या म्हनले व्हते." त्यांच्या आवडत्या मुलखाचे निकाल ओळीनं लावलेले, आणि शेवटच्या पानात माझं पत्र. वर बरोबरची खूण. ती पत्र आलं त्या दिवशी केलेली नव्हती. पुढचा रविवार होऊन गेल्यावर केली, असं सूनबाई म्हणाल्या. पत्र असं होतं:

आप्पा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही फोनवर विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. मला आत काय झालं ते माहीत नव्हतं. नंतर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. त्यावर माझं घर उभं राहिलं.

येत्या रविवारी सकाळी, दूध घालायला सगळे येतात तेव्हा, मी डेअरीपुढं उभा राहून सांगणार आहे की तो फोन माझा होता. तुम्ही फक्त तिथं येऊन बसा.

एक मेंढरू अजून बाहेर आहे, आप्पा. घेऊन येतो.