दवाखान्याचा शालू

आमच्या गल्लीत एक शालू होता. डाळिंबी रंगाचा, जरीच्या काठाचा, पदराजवळ वाटीएवढ्या जागेत रफू केलेला. दर्यापूरपासून अमरावतीपर्यंत त्या शालूने जेवढे डॉक्टर पाहिले, तेवढे गल्लीतल्या एकाही माणसाने पाहिले नसतील. त्याची मालकीण म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी खाला. तिचे मियाँ आठवडी बाजारात कटपीस विकायचे. शालू तिच्या लग्नातला. लग्नात एकदा अंगावर चढला आणि मग जो दवाखान्याच्या नोकरीत रुजू झाला, तो झालाच.

नियम साधा होता. ताप-खोकल्याला शालू मागायचा नाही. पण बाई मोठ्या दवाखान्यात निघाली की शालूही निघाला. याला कारण आमच्या आईचा अनुभव. एकदा ती धुऊन धुऊन विरलेल्या पातळात अमरावतीला गेली, तर तिला "तिकडे खाली बसा" म्हणाले आणि दिवस कलल्यावर आत बोलावलं. पुढच्या खेपेला ती शालू नेसून गेली, तर त्याच माणसाने खुर्ची ओढून दिली. "पोट तेच, दुखणं तेच," आई सांगायची, "पण शालूले खुर्ची भेटते बाप्पा!"

तो काळ असा होता की कापसाने सगळ्यांनाच पाठ दाखवली होती. शहरातून गाड्या भरभरून माणसं आमचं दुःख पाहायला यायची, आणि गाडी दिसली की आमची गल्ली केस विंचरून, घडीचे कपडे घालून ओट्यावर बसायची. पाहुण्यांसमोर कसं राहायचं, याची काही रीत असते की नाही?

या रीतीची महाराणी म्हणजे माझी आत्या. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, डाव्या गालात सदैव तंबाखूची गोळी, आणि पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवण्यात पटाईत. बैठकीत समोरच्यांनी विचारलं, "शेती किती?" की आत्या स्वतःची सांगायची, दिराची सांगायची, विकलेलीही सांगायची. समोरचेही तसंच करायचे. दोन्हीकडचे ऐकलेल्याचं मनात निम्मं करून घ्यायचे आणि चहा प्यायचे. त्याला कोणी खोटं म्हणत नसे.

त्या हिवाळ्यात आत्या भाकर वरणात कुस्करून खायला लागली. मग नुसतं वरण. विचारलं की म्हणायची, "मले काय झालं? दात दुखून राहिला." आईने एकदा जबरदस्तीने तिला तोंड उघडायला लावलं आणि सरळ खालाकडे शालू मागायला गेली. तेव्हा मला कळलं.

अमरावतीला शालूने आपलं काम चोख केलं. खुर्ची मिळाली, "या काकू, बसा" मिळालं, गालातला तुकडा तपासायला गेला. पण तुकड्याला शालू नेसवता येत नाही. उत्तर आलं ते आलं. डॉक्टर म्हणाले, "जखम अजून आवाक्यात आहे. अकोल्याला जा, शेक लगेच सुरू करा. उशीर केलात तर माझ्याकडे परत येऊ नका." शेक म्हणजे मशीनमधून किरणं देतात तो. तो पुऱ्या पैशांनी घेणं म्हणजे आमच्यासाठी चंद्रावर जाणं. पण अकोल्याच्या त्या दवाखान्यात गरिबांना सूट होती, आणि कोणाला द्यायची ते एक समाजसेविका बाई ठरवत.

त्या दिवसापासून माझ्या पायांत भिंगरी शिरली. मी जत्रेच्या नाटकात कामं करणारा माणूस, बसून ऐकणं माझ्या स्वभावात नाही. अकोल्याच्या त्या खोलीतही मी आत्याच्या खुर्चीमागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होतो. चष्मा घातलेल्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "आजी, घरी शेती किती?"

आत्याची पाठ ताठ झाली. तिने डाळिंबी पदर खांद्यावर असा काही ओढला की मला पुढचं सगळं दिसलं, आणि थांबवता येईना.

"वीस एकर. काळी."

"पाणी आहे?"

"विहीर हाय ना! तुडुंब."

"आणखी काही?"

"शेंदूरजनाघाटले संत्र्याची बाग हाय."

बाग तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या चुलतभावाची. आत्याने तिथे एकदा संत्री खाल्ली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बैठकीत भाच्याचं काम मान डोलावण्याचं असतं. मान सवयीने डोलली.

बाहेर आल्यावर आत्या खुशीत होती. "कसं सांगतलं?"

"आत्या, थे बाई सूट द्याले विचारून राहिली व्हती! आता पुरे पैसे भरा म्हणते."

आत्या जागच्या जागी थांबली. "मंग तिनं आंदी सांगा लागत व्हतं ना, बह्याडबेलनीनं!"

बाई पुन्हा भेटायच्या त्या पुढच्या आठवड्यात. तो आठवडा मला घरात बसवेना आणि शेतात थांबवेना. आत्याचं वरण आता पातळ झालं होतं. गालावर बाहेरून सूज दिसायला लागली. मी उठून तिच्या तोंडाकडे पाहायचो, ती पदर ओढायची, मी पुन्हा येरझारा घालायचो. शेवटी मला जे येतं तेच मी केलं. अंगणात तालीम लावली. मी चष्मा लावून समाजसेविका झालो, आई रांगेतले पेशंट, खाला प्रेक्षक.

"आजी, शेती किती?"

"चार एकर," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला जणू भर बाजारात तिचं लुगडं फेडलं. "पण चांगली हाय!"

"आत्या, 'पण' नको. पाणी?"

"विहीर हाय."

"पाणी, आत्या, पाणी!"

"यंदा जरासं कमी हाय," ती पुटपुटली. विहिरीत त्या वर्षी फक्त कावळ्यांनी टाकलेल्या काटक्याकुटक्या होत्या.

खाला हसून हसून ओट्यावर आडवी. "अरे, इनसे नहीं होगा! तुज्या आत्यानं उभ्या जन्मात पाहुण्यासमोर घरात काही नाही असं म्हटलं का कधी?"

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी आत्याने इतके दिवस आमच्याकडेच राहिलेला शालू खालाला परत केला आणि सकाळी स्वतःचं नेहमीचं पातळ नेसलं. आम्ही जीपकडे निघालो तर पाहतो, समोरच्या घरातली वहिनी शालू नेसून तयार. तिच्या छातीत गाठ होती म्हणे. आईजवळ ती एवढंच बोलली होती, आणि आम्ही अकोल्याला चाललोय हे कळल्यावर खालाकडून शालू घेऊन आली होती. "तुमाले आज लागत नाही तं मी नेसली."

जीपमध्ये ड्रायव्हरपलीकडची खिडकी आत्याची. ती जागा तिने कधी कोणाला दिली नाही. मी मागे, शालूचा रफू न्याहाळत. तो रफू त्या चष्म्यातून सुटणार नव्हता.

आत गेलो तर बाईंनी आत्याला लगेच ओळखलं. "मागच्या वेळी संत्र्याची बाग होती, आजी. आठवड्यात कुठे गेली?"

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. तालमीतलं एक वाक्य तोंडातून निघेना. म्हणून मी पुढे झालो आणि आमच्या दारिद्र्याचं वर्णन सुरू केलं. आवाज कापरा केला, हात छातीशी नेला. जत्रेत याच जागी बायका डोळे पुसतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही नाटकात काम करता का हो? मला एकच सांगा, त्या वेळी खोटं बोललात की आता?"

आमचं खरं त्या क्षणी नाटकापेक्षा खोटं दिसत होतं. तेवढ्यात शिपायाने पुढचा पेशंटही आत सोडला. वहिनी आली आणि शालूच्या सवयीने सरळ दुसऱ्या खुर्चीत बसली. बाईंची नजर पदरावर गेली, रफूवर गेली, तिथून आत्याकडे गेली. मग त्यांनी वहिनीला विचारलं, "शेती किती?"

"दहा एकर," वहिनी म्हणाली. हुबेहूब आत्याचा आवाज. आमच्या गल्लीतल्या साऱ्या सुना आत्याकडेच तर शिकल्या होत्या.

आणि आत्या उसळली. "दहा एकर? माय वो! लिहू नका वो बाई, खोटं बोलून राहिली थे! हिच्या घरी कुंडीभर माती नाई! नवरा दुसऱ्याच्या बैलामांगं चालते!"

वहिनी लालबुंद. "अन् तुमची व्हय का बाग? विहिरीत बेडूक राहत नाई तुमच्या! पाव्हणे आले का कप आमच्या घरून नेता!"

"अन् तू साखर आमच्याकडून नेते थे?"

"तुमच्याकडं कुठून येते साखर? खालाकडून आणता अन् मले अर्धी देता!"

"भाच्याचं लगन तीन साल झालं थांबलं हाय, माहीत हाय का तुले?" हे आत्याने वहिनीला ऐकवलं, पण उडालो मी.

आयुष्यभराच्या नाटकांत असे संवाद मला मिळाले नाहीत. बाई झरझर लिहीत होत्या, ओठ घट्ट मिटून, कारण हसू दाबत होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला. "हा शालू तरी कोणाचा आहे?"

"खालाचा!" दोघी एकदम म्हणाल्या.

"तलाठ्याचा दाखला मागाहून आणा," बाई म्हणाल्या. "दोघींची सूट मी आजच लिहिते."

आत्याचे शेक त्याच आठवड्यात सुरू झाले. गालाला खळगा पडला, पण तोंड पुढे पुष्कळ वर्षं चाललं, आणि कसं चाललं ते गावाला विचारा. वहिनीचं ऑपरेशन झालं. ती काही सुग्या राहिली आणि गेली. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं.

मला मात्र ती परतीची जीप अजून स्वस्थ बसू देत नाही. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. वाटेत चहाला जीप थांबली, तेव्हा आत्याने रस्त्याकडे पाहतच विचारलं, "गाठ कवाची हाय वो तुले?"

"कापूस वेचाले आला व्हता, तवाची."

"आता तं उन्हाळा लागला. काहून नाई आली मंग आंदी?"

वहिनीने पदरावरची धूळ झटकली. खालाचं वस्त्र होतं, जपायला हवं होतं. "शालू तुमच्याकडं व्हता ना, आत्याबाई."

जीप सुटायला लागली तेव्हा आत्या आधी चढली, आणि खिडकी सोडून मधे, गिअरच्या दांड्याला गुडघे लावून बसली.

"ये," ती म्हणाली. "तिकडं बस. हवा लागते."