भिंतीवरची सुनीता

भिंतीवर माझा चेहरा होता. दारापेक्षा मोठा. हसत होता. मी खाली पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते आणि वर माझेच दात मला दिसत होते.

मॅडमनी मुलांना विचारलं, "ही सुनीता. महिनाअखेर हिच्या हातात काहीच उरत नाही. का? हिची चूक शोधा."

माझं नाव सुनीता नाही.

पटापट हात वर झाले. कुणी म्हणालं मोबाईल. कुणी म्हणालं बाहेरचं खाणं. मागून एकजण म्हणाला, हिला कुणी शिकवलंच नसेल. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने पाडले. गरज. हौस. माझा सगळा महिना उचलून त्यात वाटून टाकला. मी ग्लास देत फिरले. मुलं फोटोकडे बघत माझ्याच हातातून पाणी घेत होती.

क्लास लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. कॉलेजच्या मुलांना तिथं पैशाचं शिकवायचे. बजेट, बचत, विमा, व्याजावर व्याज कसं चढतं ते. माझ्याकडे झाडू, पाणी, चहा. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. परळच्या चाळीत आत्याकडे राहायचे. काम मॅडमनी दिलं. टायफॉइड झाला तेव्हा पगार कापला नाही, वर फळं पाठवली. हे मी विसरले नाही. त्यामुळेच तोंड इतके दिवस मिटून राहिलं.

फोटोचं असं झालं. एका दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदाच. पगार कुठं कुठं जातो ते प्रेमाने विचारलं. मला वाटलं, वाढवणार. नाहीतर उगाच कोण विचारेल? मी सगळं सांगितलं. मायला पाठवते ते, आत्याला देते ते, भावाची फी. आणि सहा डिसेंबरला गावची माणसं चैत्यभूमीला वंदन करायला दादरला येतात, तेव्हा ती आमच्याच खोलीत, गॅलरीत उतरतात. माय पण असते. त्यांचं जेवण माझ्याकडे. हे जरा छाती पुढं काढूनच सांगितलं. मॅडम लिहून घेत होत्या. उद्या फोटो काढू म्हणाल्या. मी आत्याची निळी साडी नेसून गेले. म्हणून तो चेहरा हसतोय. पगारवाढीसाठी हसतोय.

पगार वाढला नाही. दर नव्या बॅचला प्रोजेक्टर लागला की मी भिंतीवर.

हळूहळू काहींनी ओळखलं. "सुनीता, एसी कमी कर ना." आणि मी वळायचे. सगळ्यात वाईट ते. मी वळायचे.

नाक्यावर केळी घेताना हात थांबायला लागला. गरज की हौस? पावडरचा डबा उचलला की वाटायचं, मागे कुणीतरी हात वर करून उभं आहे. एकदा केस विंचरताना आरशात हसून बघितलं. तीच दिसली. मी आरसा उलटा करून ठेवला. आत्या म्हणाली, काय गं, भूतबीत लागलं का तुला? लागलंच होतं. माझंच.

मॅडमना एकदा भीत भीत विचारलं, तो फोटो तिथून काढून टाकता येईल का? त्या गोड हसल्या. "अगं, नाव बदललंय ना. तुझ्यामुळे मुलं शिकतात, चांगलंच आहे की." मी हो म्हटलं. थँक्यू पण म्हटलं.

मग डिसेंबर जवळ आला. परत नवी बॅच. परत मी. मॅडमनी माझा डिसेंबरचा खर्च फोटोशेजारी भिंतीवर आणला. सहा तारीख, गावचे पाहुणे, जेवण. गरज की हौस?

पुढच्या बाकावर दादरलाच राहणारा एक मुलगा होता. म्हणाला, "मॅम, हौसच. यांना बोलावतं कोण? आणि वर आमच्या एरियात घाण करून जातात."

हसले. सगळे नाही. थोडेच. मॅडम म्हणाल्या, "तो विषय नको." आणि हौसेच्या रकान्यात लिहिलं, पाहुणे.

माझी माय त्या रकान्यात गेली. मुंबईत लेकीला खर्च नको म्हणून गावाहून भाकरी बांधून आणणारी. बाप गेला तेव्हा आमची चूल पेटत नव्हती, तर ज्या बाया आपापल्या घरून ताटं आणायच्या, त्याही गेल्या. अडीअडचणीसाठी निधी ठेवा, असं मॅडम दर बॅचला शिकवायच्या. माझा निधी म्हणजे ह्या बाया. फळ्यावरच्या रकान्यांत त्यांना दुसरी जागाच नव्हती.

मी ट्रे टेबलावर ठेवला. पुढे जाऊन प्रोजेक्टरच्या उजेडात उभी राहिले. फोटो माझ्या अंगावर पडला. डोळ्यांत उजेड, समोरचं कुणी दिसेना. बरं झालं.

"ही सुनीता नाही. ही मी आहे. फोटो काढा."

मॅडम म्हणाल्या, क्लासनंतर बोलू. मी हलले नाही. त्या मुलाने मोबाईल वर धरला. तरी हलले नाही. शेवटी मॅडमनी लॅपटॉप मिटला.

केबिनमध्ये त्या रडवेल्या झाल्या होत्या. "एवढं केलं तुझ्यासाठी. आणि तू मुलांसमोर माझा असा अपमान केलास?"

"केलंत मॅडम. ते विसरणार नाही. फोटो काढा."

तेव्हा कळलं. माझ्या फोटोची फाईल क्लासच्या दादरच्या शाखेतही गेली होती. ठाण्यालाही. आता सगळीकडे काढून टाका म्हणून सांगणं त्यांना बरं वाटत नव्हतं. पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस, म्हणाल्या.

आता मी प्रभादेवीला डब्यांच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. पगार कमी आहे. फळांच्या गाडीजवळून जाताना मॅडम आठवतात. भाजी घेताना हात अजून थांबतो. आणि लाटता लाटता मध्येच वाटतं, आत्ता ती कुठल्यातरी भिंतीवर हसत असेल, आणि कुणीतरी हात वर केला असेल.

सहा डिसेंबरला जेवण केलं. दरवर्षीपेक्षा जास्त. माय म्हणाली, "एवढं कशाला गं माये?" मी वाढत राहिले.

शनिवारी दादरच्या शाखेत नवी बॅच आहे. बाहेर बोर्ड लागलाय, मी वाचून आले. वॉचमन अडवेल. मॅडमना फोन जाईल. जाऊ दे. निळी साडी नेसून मी जाणार आहे. त्या उजेडात उभी राहणार आहे. फोटो निघेपर्यंत हलणार नाही. आणि ह्या वेळी आधी माझं नाव सांगणार आहे.

मग ठाण्याला.