मॅडमच्या दवाखान्यातून सगळे घरी जायचे

माझा मुलगा आज समोर पळतोय तो इंगळे मॅडममुळे. हे आधी लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहायला बसले की हात थांबतो, उठून गॅस बंद आहे का पाहून येते, पुन्हा बसते... गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. "ताई, मॅडम गेल्या. बुलडाण्याले दवाखान्यात भरती होत्या." मी इकडे तमिळनाडूत, कोइमतूरला, नवरा सूतगिरणीत. कळलं तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं.

वडनेर भोलजीच्या बाजूच्या आमच्या गावात मॅडम लहान वर्गांना इंग्रजी शिकवायच्या. पुस्तक पेटीत राहायचं आणि वर्गाचा दवाखाना व्हायचा. सायकलच्या ट्यूबला डबीचं झाकण बांधलेली नळी डॉक्टरच्या गळ्यात. डॉक्टर कोण, तर ज्याचं तोंड वर्गात उघडत नाही ते लेकरू. म्हणजे बहुतेक वेळा मीच. नुसतं "व्हेअर?" विचारायचं, तरी घाम फुटायचा. "मले येत नाही, मॅडम." "मंग मले कुठं येत होतं? बोलता नाही आलं त बोट ठेवून दाखव. पण खाली बसाचं नाही." मागून पोरं ओरडायची, "ओ डाक्टरीणबाई, सुई नोका मारू!" गजूला रोगी व्हायची भारी हौस. पाळी संपू नये म्हणून त्याचं दुखणं अंगभर फिरायचं. "फर्स्ट हेड... नाऊ नी... नाऊ बॅक!" मॅडम पोट धरून हसायच्या. "गज्या, तुह्यं दुखणं एस्टीनं फिरते काय बे?" पण त्याला गप्प केलं नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचंच दुखणं फिरायला लावलं. शेवटी मी नळी काढून म्हणायचं, "गो होम!" आणि वर्गभर टाळ्या. मॅडमच्या दवाखान्यात आलेला प्रत्येक जण घरी जायचा.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई आजारी, घरचा भाजीचा मळा, धाकटी भावंडं... इंग्रजी तिथेच राहिलं असं मी धरून चालले होते. मग लग्न झालं, इकडे आले, आणि एक दिवस पोराचं पोट दुखायला लागलं. नवरा पाळीवर. दवाखान्यात ना मराठी, ना हिंदी. डॉक्टरीणबाई घाईत गोळ्या लिहून देत होत्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना, मटकन खाली बसावंसं वाटलं... बसले नाही. पोराच्या बेंबीवर बोट ठेवलं, "फर्स्ट हिअर." मग उजवीकडे खाली, "नाऊ हिअर." त्यांचा पेन थांबला. त्यांनी तिथे दाबलं तसं पोरगं किंचाळलं, आणि धावपळ सुरू झाली. अपेंडिक्सचं ऑपरेशन. उशीर झाला असता तर... पण त्या वेळी मला एवढंच कळत होतं की त्या "ॲडमिट" म्हणताहेत. हा शब्द आमच्या खेळात नव्हताच. मी विचारत राहिले, "गो होम? गो होम?" आणि त्या नाही म्हणून मान हलवत राहिल्या. मला वाटलं, पोरगं हातचं गेलं. टाके सुकल्यावर त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "नाऊ गो होम," तर मी तिथेच टाळ्या वाजवल्या. नर्सबाई बघतच राहिली.

मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, "भरतीचा खेळ घ्याचा राहूनच गेला वं... पण लहान लेकराइले खेळात कोण भरती करते?"

आता तेच डोक्यात घुमतं. बुलडाण्याला त्यांना कोणी नीट विचारलं असेल का, कुठं दुखते म्हणून? त्यांनी बोट ठेवून दाखवलं असेल का? की दिवसभर आम्हाला हसवणारी बाई गप्पच पडून राहिली?

भाऊ सांगतो, ती नळी अजून वर्गात खिळ्याला टांगलेली आहे. नव्या सरांनी काढली नाही. गावी येईन तेव्हा आधी शाळेत जाईन. सगळ्यात मागे बसलेल्या, न बोलणाऱ्या लेकराच्या गळ्यात ती घालीन आणि राहिलेला भरतीचा खेळ घेईन. भरती झालेल्यालाही शेवटी घरी पाठवीन, टाळ्या वाजवून. तुमचं एवढं तरी फेडीनच, मॅडम.